विद्यार्थ्यांचे संशोधन प्रकल्प आणि वैद्यकीय शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली आहेत; त्यांच्या गाईडनी वाचली तरी हरकत नाही. प्रश्न साधारण ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने घेतले आहेत. आधी 'कशाला', मग 'कसं', आणि शेवटी 'आता याचं काय करू'.

मला डॉक्टर व्हायचंय, शास्त्रज्ञ नाही. मग हा व्याप कशाला?

कारण डॉक्टरला आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या संशोधनावर विसंबून निर्णय घ्यावे लागतात. औषध कंपनीचा प्रतिनिधी टेबलावर गुळगुळीत पत्रक ठेवतो. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: 'धोका ५० टक्क्यांनी कमी'. आता हजारात २०० जणांना होणारा त्रास १०० जणांवर आला, तरी तो ५० टक्केच. आणि हजारात दोघांना होणारा त्रास एकावर आला, तरीही ५० टक्केच. पहिल्या औषधासाठी प्रिस्क्रिप्शन लिहावं. दुसऱ्यासाठी रुग्णाच्या खिशाचा आणि दुष्परिणामांचा आधी विचार करावा. 'भागिले किती?' हा प्रश्न त्या क्षणी सुचायला हवा, आणि ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने अंश आणि छेद गोळा केले आहेत त्याला तो चटकन सुचतो.

शिवाय, एका आकड्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंत जबाबदारी घेणं शिक्षणात दुसरीकडे कुठे करायला मिळत नाही. वॉर्डात केस घेतली तरी निर्णय वरिष्ठांचा. परीक्षेत उत्तर आधीच ठरलेलं. प्रकल्पाचं उत्तर मात्र कुणालाच ठाऊक नसतं, गाईडलाही नाही. ही अवस्था थोडी अस्वस्थ करणारी आहे आणि पुढे ओपीडीत ती रोजच वाट्याला येते.

संशोधनपद्धतीचा धडा अभ्यासक्रमात आहेच. तो नीट वाचला तर भागत नाही का?

परीक्षेपुरतं भागतं. पण एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एखाद्या विद्यार्थ्याच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती एकत्र भरलेल्या तक्त्यात, रक्तदाबाचा रकाना असतो. वरून खाली नजर फिरवा: १२०, १३०, १४०, ११०, १३०, १५०, १२०. जवळपास सगळे आकडे शून्यावर संपणारे. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असणार आणि नीट मोजलं तर साधारण पाचवा हिस्साच शून्यावर संपणार. दहापैकी आठ आकडे शून्यावर संपत असतील तर मोजणाऱ्याने पारा 'जवळच्या' दहावर आणून ठेवला आहे.

यात कुणाची लबाडी नसते. घाई असते, सवय असते. पण उच्च रक्तदाबाची रेषा १४० ला आखली असेल, तर १३६ आणि १३८ वाली माणसं १४० होऊन आजारी ठरतात आणि १४४ वाली १४० वर येतात. मग प्रबंधात 'उच्च रक्तदाबाचं प्रमाण इतके टक्के' असं जे वाक्य येतं ते मोजणाऱ्याच्या घाईचंही प्रमाण असतं.

पुस्तकात याला 'मापनातील त्रुटी' म्हणून दोन ओळी मिळतात. स्वतःच्या तक्त्यात ती सापडली की माणूस पुढे दुसऱ्याचा तक्ता तशाच नजरेने बघतो. केस पेपरवर '१३०/८०' दिसलं की पुन्हा एकदा पट्टा बांधतो.

विद्यार्थ्याच्या हातून खरंच काही नवं सापडतं का?

क्वचित सापडतं, आणि ते 'क्वचित' बरंच मोठं आहे.

पॉल लँगरहान्स बर्लिनला शिकत असताना, वयाच्या विशीच्या सुरुवातीला, त्याने १८६८ मध्ये त्वचेतल्या फांद्याफांद्यांच्या पेशींचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी आपल्या प्रबंधात त्याने स्वादुपिंडातले पेशींचे छोटे पुंजके टिपले. त्वचेतल्या पेशी त्याला मज्जासंस्थेच्या वाटल्या. ते चुकीचं निघालं. पुंजके कशासाठी आहेत हे त्याला कळलंच नव्हतं. त्यांना त्याचं नाव १८९३ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने दिलं आणि ते इन्सुलिन तयार करतात हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं. पण जे दिसलं ते त्याने जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे अर्थ लावण्यातली चूक असूनही काम टिकलं.

स्वीडनमध्ये उप्साला इथे इव्हार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याला १८७७ मध्ये कुत्र्याच्या गळ्याचं विच्छेदन करताना थायरॉइडजवळ एक बारीक ग्रंथी दिसली. मग त्याने ती इतर प्राण्यांत आणि माणसांत शोधली आणि १८८० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच आज आपण शिकतो त्या पॅराथायरॉइड ग्रंथी. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी गोष्ट जे मॅक्लीनची. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसऱ्या वर्षाला असताना विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं होतं रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचं. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला एक अर्क मात्र उलटंच वागू लागला: रक्त गोठेना. हॉवेल यांना आधी पटलं नाही. मॅक्लीनने तो अर्क घातलेलं मांजराचं रक्त त्यांच्यासमोर ठेवलं आणि 'गोठलं की सांगा' असं सुचवलं. ते गोठलं नाही. त्या धाग्यातून पुढे हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध आलं. मॅक्लीनचा नेमका पदार्थ आणि आजचं हेपारिन एकच नव्हे, आणि श्रेय कुणाचं यावर नंतर बरीच वर्षं वाद चालला. पण अपेक्षेविरुद्धचं निरीक्षण 'माझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून त्याने बेसिनमध्ये ओतून दिलं नाही, हे उरतंच.

तरीही, आपल्या प्रकल्पातून हेपारिन निघेल या आशेवर सुरुवात करू नका. बहुतेक प्रकल्पांतून एखादा माफक आकडा निघतो आणि तो पुरतो.

विषय कसा निवडायचा?

मोठे विषय टाळा. 'मधुमेहाचा अभ्यास' हा विषय होत नाही, ते खातं झालं. 'या ओपीडीत येणाऱ्या मधुमेहींपैकी किती जणांच्या पायांची तपासणी गेल्या वर्षभरात एकदा तरी झाल्याची नोंद केस पेपरवर आहे?' हा विषय. कोण, कुठे, कोणत्या काळात, काय मोजणार हे एका वाक्यात बसत नसेल तर प्रश्न अजून शिजलेला नाही.

दुसरी कसोटी त्याहून कडक आहे. उत्तर 'हो' आलं किंवा 'नाही' आलं, दोन्ही वेळी कुणाला तरी ते ऐकावंसं वाटेल का? फक्त 'हो' आलं तरच रस असेल, तर तुम्ही नकळत 'हो'च्या बाजूने आकडे गोळा करायला लागाल.

चांगले विषय वॉर्डात पडलेले असतात. प्रत्येक राउंडला कुणीतरी म्हणतं, 'असे पेशंट हल्ली फार येतात.' खरंच येतात का? मोजा.

कोणत्या वर्षी सुरू करावं?

रुग्णांशी संबंध यायला लागला की. त्याआधी प्रश्न पुस्तकी निघतात, आणि अंतिम वर्षात वेळ मिळत नाही.

आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना निधी. मग?

मग उत्तमच, एक सबब कमी झाली. इग्नाझ सेमेलवाइसने व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये जे दाखवलं त्यासाठी त्याच्याकडे मुख्यतः दोन वॉर्डांचे मृत्यूंचे आकडे होते. एका वॉर्डात विद्यार्थी आणि डॉक्टर बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात बाळंतिणी कितीतरी जास्त दगावत. विद्यार्थी शवविच्छेदनाहून थेट प्रसूतीला येत हे लक्षात आल्यावर त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले.

जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्डं, रक्तपेढीचं रजिस्टर, औषधांच्या चिठ्ठ्या यांतून भरपूर निघतं. फक्त एक सावधगिरी. रेकॉर्ड रूममध्ये २०० फायली मागितल्या आणि १६० मिळाल्या, तर न मिळालेल्या ४० कुणाच्या हे विचारा. कोर्टकचेरीत गेलेल्या केसेस, दुसरीकडे हलवलेले रुग्ण, मृत्यूच्या चौकशीसाठी नेलेले पेपर बरेचदा त्याच ४० मध्ये असतात. मिळालेल्या १६० वरून 'मृत्यूचं प्रमाण कमी' असं लिहिलंत तर फसगत ठरलेली.

किती रुग्ण घ्यावेत? ३० चालतील का? ५० तर सगळेच घेतात.

'सगळे घेतात' हे कारण नव्हे. एखाद्या गोष्टीचं प्रमाण किती हे काढायचं असेल आणि आधी काहीच अंदाज नसेल, तर प्रमाण ५० टक्के धरतात. ९५ टक्के खात्री आणि दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची सूट हवी असेल तर सूत्रातून ३८४ हा आकडा येतो. प्रबंधांत हा ३८४ वारंवार भेटतो तो असा. पण प्रश्न बदलला की आकडाही बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या प्रबंधातून तो उचलू नका.

५० च रुग्ण मिळणार असतील तर तसं करा, पण त्याचा अर्थ समजून घ्या. ५० पैकी १० जणांत एखादी गोष्ट आढळली तर '२० टक्के' लिहून थांबता येत नाही. खरं प्रमाण साधारण ११ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. तेवढी रुंद पट्टी प्रामाणिकपणे लिहिलीत तर छोटा अभ्यासही उपयोगाचा. आणि '२०.०० टक्के' असे दोन दशांश तर ५० जणांच्या अभ्यासात मुळीच शोभत नाहीत.

प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकली, ग्रुपवर फिरवली. हा प्रकल्प झाला ना?

तांत्रिकदृष्ट्या झाला. पण ज्यांना विषयात रस आहे तेच फॉर्म भरतात, बाकीचे पुढे सरकतात. त्यामुळे उत्तरं देणारे कोण आणि न देणारे कोण हे सांगता येत नाही. वर्गमित्रांच्या झोपेवर, ताणावर आणि मोबाइलवर इतके फॉर्म फिरून गेलेत की आता त्यांच्याच ताणाचा अभ्यास करावा लागेल.

प्रश्नावली वापरायचीच तर प्रश्नांवर मेहनत घ्या. 'तुम्ही गोळ्या नियमित घेता का?' असं विचारलं की समोरचा डॉक्टरला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणतो. 'गोळी चुकतेच कधी कधी सगळ्यांची. गेल्या सात दिवसांत तुमची किती वेळा राहिली?' असं विचारलं की तोच माणूस बोटांवर मोजायला लागतो. आधी आठ-दहा जणांवर प्रश्न तपासून बघा. त्यांना जे दोनदा समजावून सांगावं लागलं ते बदला.

नुसती माहिती घेतोय, सुई टोचत नाही. तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते?

लागते, आणि माहिती गोळा करायच्या आधी. नंतर मागितलेली परवानगी ग्राह्य नसते. जुन्या नोंदींवरच्या कामाला समिती प्रत्येकाच्या संमतीतून सूट देऊ शकते, पण ती सूट द्यायची की नाही हे समितीने ठरवायचं.

कारण धोका फक्त सुईचा नसतो. मास्टर चार्टमध्ये नाव, फोन नंबर आणि एचआयव्हीचा रिपोर्ट एका ओळीत असेल आणि ती फाइल मित्राच्या पेनड्राइव्हवर राहिली, तर रुग्णाचं नुकसान झालं. नावाऐवजी क्रमांक घाला आणि क्रमांक-नावाची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा.

संमतीचा दुसराही भाग आहे. ॲप्रन घातलेल्या मुलाला रुग्ण 'नाही' म्हणायला कचरतो. त्याला वाटतं, नकार दिला तर उपचारात हयगय होईल. तसं होणार नाही हे त्याच्या भाषेत, कागद पुढे सरकवण्याआधी, तोंडाने सांगायचं असतं.

स्वतःवर प्रयोग करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर दानिएल कारिओन आठवावा. पेरूची राजधानी लिमा इथल्या या विद्यार्थ्याने ऑगस्ट १८८५ मध्ये त्वचेवर गाठी येणाऱ्या 'वेरुगा'च्या रुग्णाकडून घेतलेला द्रव स्वतःला टोचून घेतला. त्याला ओरोया ताप आला. दोन वेगळे वाटणारे आजार एकच असल्याचं त्यातून दिसलं. ५ ऑक्टोबरला तो वारला. पेरूमध्ये तो दिवस वैद्यकदिन म्हणून पाळतात. आदर जरूर ठेवावा. पण अशा प्रस्तावाला आज कोणतीही समिती सही करणार नाही, आणि त्यासाठीच ती समिती आहे.

गाईड वेळच देत नाहीत.

तक्रार बऱ्याचदा खरी असते. उपाय एवढाच की भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. 'सर, पुढे काय करू?' याला पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही. 'मॅडम, या दोन व्याख्यांपैकी कोणती घेऊ? मला पहिली बरी वाटते, कारण आपल्या केस पेपरवर तेवढीच माहिती असते' याला दोन मिनिटं पुरतात. बोलणं झालं की ठरलेलं चार ओळींत लिहून त्यांना पाठवा.

आणि गाईड निवडायची मुभा असेल तर मोठं नाव बघू नका. त्यांच्याकडे आधी काम केलेल्या सीनियरला विचारा, मसुदा किती दिवसांत तपासून मिळतो.

काहीच निष्पन्न झालं नाही. दोन्ही गटांत फरकच आला नाही. आता?

तसंच लिहा. फरक नाही हेही उत्तर आहे, फक्त घेतलेले रुग्ण संख्येने पुरेसे होते का हे सोबत सांगा.

जे करू नये ते सांगतो. वय, लिंग, शिक्षण, वजन अशा एकेका घटकाशी पडताळत राहायचं आणि कुठेतरी पी व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली गेली की तोच आपला निष्कर्ष म्हणून मिरवायचं. काहीही खरा संबंध नसताना अशा २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के असते. म्हणून मुख्य प्रश्न कोणता हे माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून ठेवायचं. नंतर सुचलेलं काही सापडलं तर 'हे नंतर सुचलं' असं म्हणून मांडता येतं.

मुदत आली आणि दहा-बारा केसेस कमी आहेत. भरून टाकल्या तर काय बिघडतं? सगळेच करतात.

या प्रश्नासाठीच खरं तर हे पान लिहायला घेतलं.

बिघडतं ते असं. एक तर तो आकडा कुणीतरी खरा धरतं. छापला गेला तर दहा अभ्यास एकत्र करणाऱ्या कुणाच्या तरी विश्लेषणात जाऊन बसतो आणि तिथून बाहेर काढता येत नाही. दुसरं, आणि माझ्या दृष्टीने जास्त गंभीर: विसाव्या-बाविसाव्या वर्षी कागद पूर्ण दिसण्यासाठी न तपासलेल्या रुग्णाचा आकडा लिहायची जी सवय लागते, तीच पुढे रात्रपाळीत टेम्परेचर चार्टवर उतरते. न बघितलेली नाडी 'नॉर्मल' म्हणून लिहिली जाते. वाईट रीतीने उरकलेला प्रकल्प म्हणून न केलेल्या प्रकल्पापेक्षा घातक असतो.

५० ठरवले होते, ३८ मिळाले, तर '३८ मिळाले, या कारणाने' असं लिहा. परीक्षकाला ते चालत नसेल तर दोष परीक्षकाचा. आणि गाईडनीच 'भर रे' म्हटलं तर? अवघड आहे, मान्य. मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या. लेखी अर्जावर 'खोट्या केसेस भरा' असा शेरा सहसा कुणी मारत नाही.

संख्याशास्त्र डोक्यावरून जातं. सॉफ्टवेअर किंवा एआयकडून करून घेतलं तर?

गणित सॉफ्टवेअरनेच करावं, हाताने कुणी करत नाही. पण कोणती चाचणी आणि का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. संख्याशास्त्रज्ञाकडे माहिती गोळा करायच्या आधी जा. नंतर गेलात तर तो फक्त काय चुकलं तेवढंच सांगू शकतो. एआयने दिलेले संदर्भ एकेक उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेले लेखही ही साधनं अगदी आत्मविश्वासाने देतात. रुग्णांची माहिती मात्र त्यात कधीही टाकू नका.

पेपर छापून आलाच पाहिजे का?

नाही. पूर्ण झालेला, नीट लिहिलेला आणि विभागात सगळ्यांसमोर मांडलेला प्रकल्प पुरेसा आहे. येल विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात १८३९ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यातला प्रत्येक काही जगभर गाजत नाही, तरी प्रथा टिकून आहे.

छापायचंच असेल तर 'आदरणीय महोदय, आपला बहुमोल लेख पाठवा, सात दिवसांत प्रसिद्धी' अशा ईमेलपासून लांब राहा. पैसे घेऊन काहीही छापणारी ही नियतकालिकं. तिथे छापलेला लेख पुढे नावाला चिकटून राहतो.

मेहनत माझी, पहिलं नाव दुसऱ्याचं. हे चालतं का?

चालतं बरेच ठिकाणी, चालू नये. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याचे चार निकष दिले आहेत: कामात भरीव वाटा, लेखन किंवा गंभीर दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत. विभागप्रमुख असणं हा निकष यादीत नाही. हाच नियम तुमच्या मित्रालाही लागू, ज्याने फक्त टायपिंग केलं.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरँटोला बँटिंगबरोबर इन्सुलिनवर काम करणारा चार्ल्स बेस्ट विद्यार्थीच होता. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं. बेस्टचं नाव त्यात नव्हतं. बँटिंगने आपल्या बक्षिसाची अर्धी रक्कम त्याला दिली. प्रत्येकाला असा बँटिंग भेटेलच असं नाही, तेव्हा नावांचा क्रम पहिल्याच महिन्यात बोलून, लिहून ठेवा.

प्रकल्प सगळ्यांना सक्तीचा करावा का?

माझं मत: नको, निदान आहे त्या परिस्थितीत तरी नको. गाईड मोजके आणि विद्यार्थी शेकड्यांनी असताना सक्ती केली की जुन्या प्रबंधांवर नवी नावं चढतात. जर्मनीत वैद्यकीचा परवाना मिळवायला प्रबंध लागत नाही, पण 'डॉक्टर' ही पदवी नावामागे लावायची तर लागतो. त्यामुळे बहुतेक जण शिकता शिकताच तो उरकतात, आणि त्यांतल्या अनेक प्रबंधांच्या दर्जाबद्दल तिथेही कुरकुर असतेच. सक्ती करायचीच तर चार-पाच जणांच्या गटाला एक छोटा प्रकल्प द्यावा आणि गुण निकालाला न देता नोंदवहीला द्यावेत: काय ठरवलं होतं, काय बदललं, का बदललं.

माझा प्रकल्प अर्धवट पडून आहे. टाकून देऊ का?

आधी एक दुपार काढून तीन गोष्टी बघा: परवानगीची मुदत शिल्लक आहे का, गोळा केलेली माहिती कुठे आणि किती पूर्ण आहे, आणि मूळ प्रश्नाचं काही उत्तर तेवढ्यातून निघतं का. निघत असेल तर प्रश्न लहान करून संपवा. निघत नसेल तर समितीला तसं लेखी कळवून प्रकल्प बंद करा, आणि नावांची यादी नियमाप्रमाणे नष्ट करा किंवा गाईडकडे सोपवा. कोरी प्रश्नावली आणि 'हे का जमलं नाही' याचं एक पान विभागात ठेवून जा. पुढच्या बॅचमधलं कुणीतरी नेमका तोच विषय घेऊन येणार आहे.